उरलेल्या सतरा जणांसाठी

दहावीची गुणपत्रिका हातात पडली की परभणीत अकरावी सायन्सच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. २०२५ पासून राज्यभरातले अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, तरी एक गोष्ट जुन्या दिवसांसारखीच राहिली आहे. प्रवेश नक्की करताना कॉलेजच्या अर्जावर विषयांचे रकाने भरावे लागतात. इंग्रजी सक्तीचे, फिजिक्स-केमिस्ट्री ठरलेले, आणि मग गणित, जीवशास्त्र की दोन्ही? सेलू, पालम किंवा गंगाखेडहून आलेले वडील आणि त्यांची मुलगी या रकान्यापाशी अडखळतात, तेवढ्यात शेजारचा कोणी माहीतगार सांगतो, ‘नीट द्यायची ना पोरीला? मग गणित कशाला घेता, उगीच डोक्याला ताप.’ वडील मान हलवतात, गणिताचा रकाना रिकामा राहतो आणि मागचा माणूस पुढे सरकतो. पुढच्या दहा वर्षांवर सावली टाकणारा निर्णय असा दोन मिनिटांत उरकला जातो. माझे म्हणणे असे की, त्या रकान्यापाशी आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. डॉक्टर होण्यासाठी कोणते विषय घ्यावेत याचे उत्तर नियमांनीच दिलेले आहे, त्यात डोके चालवण्यासारखे फारसे नाही. डोके चालवायचे ते दुसऱ्या प्रश्नावर. एमबीबीएसची जागा मिळाली नाही, तर हेच विषय घेऊन हे मूल कुठे जाईल?

हा प्रश्न अभद्र वाटतो, म्हणून घरात कोणी काढत नाही. पण आकडे पाहिले की तो टाळता येत नाही. २०२५ ची नीट देशभरातल्या २२ लाख ९ हजारांहून अधिक मुलांनी दिली. एमबीबीएसच्या देशातल्या सगळ्या जागा मिळून साधारण सव्वा लाख. म्हणजे अठरा मुलांमागे एक जागा, आणि या जागांपैकी निम्म्याच्या आसपास खासगी कॉलेजांतल्या, ज्यांची फी कोरडवाहू शेतकऱ्याच्या कल्पनेबाहेरची. ‘नीट पास झाला’ या शब्दानेही गावोगाव घोटाळा होतो. २०२५ मध्ये खुल्या गटातल्या मुलाला ७२० पैकी १४४ गुणांवर पात्र ठरवले गेले आणि असे पात्र ठरलेले १२ लाख ३६ हजार निघाले. पात्र ठरणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, जागा नव्हे. परभणीत २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले, १०० जागांचे. जिल्ह्याची ती फार जुनी मागणी होती आणि ती पूर्ण झाली हे चांगलेच झाले. पण त्या १०० पैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या ८५ वर महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांचा सारखा हक्क असतो. २०२० पर्यंत ७०:३० असा विभागवार कोटा होता, तो रद्द झाला. मराठवाड्यात कॉलेजे कमी असल्याने त्या कोट्याचा इथल्या मुलांना तोटाच होत होता, त्यामुळे तो जाणे योग्यच होते. मात्र कॉलेज दारात आले म्हणून दार आपल्याच मुलासाठी उघडेल, हा समज आता धरता येत नाही.

इतर देशांत ही निवड कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत डॉक्टरकीचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग मेडिकल. पदवीचा मुख्य विषय कोणताही चालतो. काही ठरावीक अभ्यासक्रम, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स वगैरे, पूर्ण केलेले असले की इतिहासाचा पदवीधरही अर्ज करू शकतो. मेडिकलच्या आधी विज्ञानाची पायाभरणी असलीच पाहिजे, हा आग्रह तिथे १९१० च्या अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने रुजवला. पण पुढे त्याचीही फेरतपासणी झाली. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजने १९८७ पासून साहित्य, इतिहास, समाजशास्त्र शिकणारी काही मुले एमकॅटशिवाय घ्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मुले मेडिकलच्या अभ्यासात बाकीच्यांच्या बरोबरीने टिकलेली दिसली. तेव्हा चांगला डॉक्टर एकाच विषयाच्या मुशीतून घडतो, असे काही सिद्ध झालेले नाही. हे स्वातंत्र्य आपल्याला जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण आपली चाळणी सतराव्या-अठराव्या वर्षीच लागते. पण त्या पद्धतीतली एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिथे मेडिकलने नाकारलेल्या मुलाच्या हातात एक पुरी पदवी असते. आपल्याकडे नाकारलेल्या मुलाच्या हातात बारावीची गुणपत्रिका असते, आणि तिच्यावर कोणते विषय आहेत यावरच त्याची पुढची वाट ठरते. म्हणून अमेरिकेत पदवीच्या विषयाला जेवढे महत्त्व आहे, त्याच्या कितीतरी पट महत्त्व आपल्याकडे अकरावीच्या त्या रकान्याला आहे.

आपल्याकडे ही चाळणी पूर्वी जरा उशिरा लागत असे. दहा-अधिक-दोन-अधिक-तीनची पद्धत सत्तरच्या दशकात येईपर्यंत मॅट्रिकनंतर कॉलेजात जाऊन इंटर सायन्स करावे लागे आणि मग मेडिकल. त्याआधीच्या, निजामाच्या काळात परभणीच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकावे लागे. औरंगाबादचे सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ मध्ये निघाले. आज अंतर कमी झाले आहे, भाषेची अडचण मात्र वेगळ्या रूपात शिल्लक आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकांत पडते. नीटचा पेपर २०१७ पासून मराठीतही मिळतो खरा, पण शिकवणे, नोट्स, सराव सगळे इंग्रजीत चालत असताना शेवटच्या तीन तासांत मराठी पेपर घेण्याचे धाडस फार थोडी मुले करतात. हे सांगायचे कारण असे की, अकरावीचे पहिले सहा महिने ग्रामीण मुलाला विषयापेक्षा भाषेशीच जास्त झुंजावे लागते. त्या काळात आलेल्या कमी गुणांवरून ‘याला गणित झेपत नाही’ असा निकाल लावणे अन्यायाचे आहे.

आता नियम पाहू, कारण याबाबतीत ऐकीव माहितीच फार फिरते. नीटसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि जीवशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी लागते, आणि इंग्रजी. गणित लागत नाही. पण गणित घेतल्याने नीटमध्ये काही वजाही होत नाही. चारही विषय घेणारे मूल नीट देऊ शकते आणि राज्याच्या सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांना बसू शकते. १९९७ च्या नियमांनुसार अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे जीवशास्त्र सलग शिकलेले असणे आवश्यक होते, त्यामुळे ज्याने एकदा जीवशास्त्र सोडले त्याला मेडिकलचे दार कायमचे बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे बदलले. बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण केला, तरी आता नीटला बसता येते. या बदलाचा अर्थ अजून आपल्याकडे पुरता पोहोचलेला नाही. पूर्वी जीवशास्त्र सोडणे धोक्याचे होते आणि गणित सोडणे त्या मानाने निरुपद्रवी, असा हिशेब होता. तो हिशेब आता पालटला आहे. जीवशास्त्राकडे परतण्याची वाट नियमानेच मोकळी केली. गणिताचे तसे नाही. ते सुटले की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, संख्याशास्त्राची बीएस्सी, एनडीएमधले हवाई दल आणि नौदल, सगळे एका फटक्यात सुटते. आणि एकदा बारावी होऊन गेलेल्या, दोन वर्षे गणिताचे पुस्तक न उघडलेल्या मुलाने पुन्हा कलनशास्त्र शिकायला बसणे कागदावर जेवढे सोपे वाटते तेवढे घरात सोपे नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. डॉक्टरला गणित कशाला? तर डॉक्टरकीतच ते जागोजाग असते म्हणून. बारावीच्या केमिस्ट्रीत अर्धायुष्यकाल शिकवतात, विक्रियेचा दर स्थिरांक आणि ०.६९३ हा आकडा. मुले तो पाठ करतात. तीच गोष्ट एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात औषधशास्त्रात परत भेटते. एखाद्या औषधाचे अर्धायुष्य सहा तास असेल तर रक्तातले प्रमाण सहा तासांनी निम्मे, बारा तासांनी पाव, अठरा तासांनी अष्टमांश. गोळी दिवसातून कितीदा द्यायची, मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला ती किती अंतराने द्यायची, हे त्या वक्ररेषेवर ठरते. दुसरे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. समजा एखादा आजार हजारांत दहा जणांना आहे आणि त्याची तपासणी शंभरांतल्या नव्वद रुग्णांना बरोबर पकडते, तशीच शंभरांतल्या नव्वद निरोग्यांना बरोबर सोडते. ऐकणाऱ्याला वाटेल, तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे नव्वद टक्के आजार आहेच. मांडून पाहा. दहा आजाऱ्यांपैकी नऊ पकडले गेले. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जण चुकून पकडले गेले. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यांत खरे आजारी नऊ. शंभरांत आठ-नऊच. हे न समजलेला डॉक्टर बाकीच्या नव्व्याण्णव जणांना आणि त्यांच्या घरच्यांना विनाकारण घाबरवून सोडेल, पुढच्या तपासण्यांच्या खर्चात पाडेल. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात जैवसांख्यिकी आहे ती उगीच नाही, आणि अकरावीत संभाव्यता शिकलेल्याला ती परकी वाटत नाही.

नीटच्या पेपरातही गणित मागच्या दाराने येतेच. १८० प्रश्न, १८० मिनिटे, बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. निम्मा पेपर जीवशास्त्राचा, ९० प्रश्न. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५. जीवशास्त्रात मेहनती मूल पाठांतराच्या बळावर पुष्कळ पुढे जाते आणि तिथे गर्दीही तेवढीच असते. खरी चाळणी फिजिक्सला लागते, हे २०२५ च्या पेपराने पुन्हा एकदा दाखवून दिले. राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे, सदिश आणि कलनाची तोंडओळख. त्यावाचून पुढे गतीसुद्धा शिकवता येत नाही. गणित घेतलेल्या मुलाला ही ओळख शेजारच्या तासाला पक्की होत असते, सोडलेल्याला या एका प्रकरणावर भागवावे लागते. केमिस्ट्रीतला पीएच काढायचा तर लॉगरिदम हवा. तेव्हा ‘नीटसाठी गणित सोडले’ हे वाक्य पूर्णपणे खरे नाही. गणिताचा पेपर सुटतो, गणित नाही.

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. बारावीचे गणित दोन पुस्तकांचे आहे. त्याला रोजचा तास-दीड तास द्यावा लागतो, आणि तो तास जीवशास्त्राच्या किंवा झोपेच्या वाट्यातून जातो. लातूर, नांदेडच्या क्लासांच्या पीसीबी बॅचचे वेळापत्रक तर गणितासाठी फटही ठेवत नाही. ज्या मुलाला गणिताचा धसकाच आहे, आठवीपासून ज्याच्या पोटात त्या तासाला गोळा येतो, त्याच्यावर ते लादण्यात काही अर्थ नाही. पण दहावीत ज्याला गणितात बरे गुण आहेत आणि जो केवळ ‘नीटवाले घेत नाहीत’ म्हणून ते सोडतो आहे, त्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथे गणितात शंभरपैकी पंच्याण्णव काढायचे नाहीत. इंजिनिअरिंगच्या पात्रतेला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित मिळून खुल्या गटात ४५ टक्के पुरतात. पुढे जागा सीईटीच्या गुणांवर ठरते. बारावीच्या गणितात वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, लेखी पेपर ऐंशीचा. दार बंद होऊ नये एवढाच अभ्यास आणि बाकी सगळा जीव नीटमध्ये, अशी वाटणी करता येते. यात काही गुण नीटमधून जातील का? जातील कदाचित. त्या गुणांची किंमत आणि सुटलेल्या वाटांची किंमत ज्याने त्याने घरी बसून तोलावी. आज ती तोललीच जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप मनाचा आहे. दोन डगरींवर पाय ठेवणारा बुडतो, मुलाला एकच ध्येय द्या, दुसरी वाट दिसली की जोर कमी होतो, असे क्लासचे फलकही सांगतात आणि नातेवाईकही. यात तथ्य आहे ते एवढेच की परीक्षेच्या आधीच्या सहा महिन्यांत मन एकाग्र लागते. पण विषयांची निवड त्या सहा महिन्यांत होत नाही, ती दोन वर्षे आधी होते. आणि दुसरी वाट न ठेवण्याचा सल्ला कोणाला परवडतो तेही बघायला हवे. ज्या घरात पैसा आहे, ते खासगी जागा घेते, नाहीतर मुलाला परदेशी पाठवते. तिथेही आधी नीटची पात्रता लागते, परतल्यावर पुन्हा पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा अनेकांना अडकवते, पण पैशाच्या बळावर हे सगळे सोसता येते. मानवत किंवा सोनपेठ तालुक्यातल्या चार एकर कापूस-सोयाबीनवाल्याला ते सोसत नाही. पाऊस एक वर्ष रुसला तर मुलीच्या मेसचे पैसे थांबतात. म्हणजे दुसऱ्या वाटेची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनाच आपण ती ठेवू नका म्हणून सांगतो. मला हे फार खटकते.

आणि ही दुसरी वाट परभणीत शोधायला लांब जावे लागत नाही. जीवशास्त्रावर उभ्या असलेल्या शिक्षणाच्या बाबतीत हा जिल्हा मराठवाड्यात भाग्यवान आहे, फक्त हे भाग्य दहावीच्या पालकांना कोणी दाखवत नाही. इथले कृषी महाविद्यालय १९५६ चे, कृषी विद्यापीठ १९७२ चे. त्याच आवारात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. पशुवैद्यक महाविद्यालयही शहरात आहे, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. पशुवैद्यकाचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो आणि अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा, म्हणजे एमबीबीएसएवढाच. शरीररचना, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सगळे तिथे आहे. फरक एवढा की रुग्ण कधी लाल कंधारी बैल असतो, कधी मराठवाडी म्हैस, कधी उस्मानाबादी शेळी. रुग्णाला कुठे दुखते ते सांगता येत नाही. डॉक्टरने डाव्या कुशीत मूठ टेकवून कोठीपोटाची हालचाल मोजायची, डोळ्याची आतली कड पाहायची, शेणाचा पोत बघायचा आणि निदान करायचे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हा लसीकरणाच्या मोहिमेत गोठ्यागोठ्यांत फिरणारा पशुवैद्य किती लागतो हे खेड्यांनी पाहिले. ‘मेडिकल नाही मिळालं म्हणून व्हेटर्नरी’ असे खालच्या आवाजात सांगण्यासारखे यात काही नाही.

शेतीच्या पदवीबद्दल तर गैरसमज याहून मोठा. तिला ‘मातीत हात घालायला पदवी कशाला’ म्हणून हिणवणारे आपलेच लोक असतात. परभणीच्याच कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले, ज्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांहून जास्त आहे. आपल्या भागात बायका-मुलींचा रक्तक्षय हा दवाखान्यातला रोजचा आजार. डॉक्टर त्यावर लोहाच्या गोळ्या लिहून देतो. ज्वारीवर काम करणारा संशोधक तेच लोह भाकरीत घालायला बघतो. दोघांचा रुग्ण एकच आहे. ज्या मुलीला माणसाच्या शरीरात आणि आजारात मन रमते, तिला या दुसऱ्या बाजूनेही त्या कामात शिरता येते, हे अकरावीच्या आधी कळले तर निवड भीतीने होणार नाही. आणि गंमत म्हणजे गणित इथेही पाठ सोडत नाही. बीएस्सी कृषीच्या पहिल्या वर्षात बारावीला गणित न घेतलेल्यांसाठी प्राथमिक गणिताचा वेगळा अभ्यासक्रम असतो, कारण पुढे प्रयोगांची आकडेवारी मांडायची तर संख्याशास्त्र लागतेच.

राहिला रिपीटचा प्रश्न. नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही आणि वयाची वरची मर्यादाही आता नाही. हे स्वातंत्र्य चांगले, पण त्यात एक सापळा आहे. थांब म्हणणारे कोणी उरत नाही. मग एकदा, दोनदा, तीनदा असे करत मूल एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच तीन विषयांच्या त्याच पुस्तकांत अडकते आणि बरोबरीची मुले पदवी घेऊन पुढे गेलेली असतात. पुष्कळ घरांत वर्ष वाया जाऊ नये म्हणून रिपीटरचे नाव बीएस्सीला घालून ठेवतात. नाव तिथे, मूल क्लासात. यातून बीएस्सीही जाते आणि ‘नुसती बीएस्सी’ म्हणून तिची बदनामीही वाढते. खरे तर बीएस्सी मनापासून करत नीट देणे ही सरळ वाट आहे. बारावीला आवश्यक विषय असलेला विज्ञान पदवीधरही नीट देऊ शकतो. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन मन लावून शिकलेल्या मुलापुढे प्रयोगशाळा, औषध कंपन्या, संशोधन, शिक्षकी पेशा आणि स्पर्धा परीक्षा उभ्या असतात. एकदा रिपीट करायला माझा विरोध नाही, पण गुणपत्रिकेकडे बघून. ज्याला जीवशास्त्रात ३६० पैकी तीनशेच्या वर आहेत आणि जो फिजिक्समध्ये अडकला, त्याला एक वर्ष उपयोगी पडेल, कारण काय दुरुस्त करायचे ते माहीत आहे. ज्याचे तिन्ही विषयांत निम्म्याच्या खाली आहे, त्याच्याकडून आणखी एक वर्ष आणि वडिलांकडून आणखी एक कर्ज मागण्याआधी घरात मोकळेपणाने बोलणे व्हायला हवे. ते बोलणे निकालाच्या रात्री होत नाही. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी किती प्रयत्न आणि त्यानंतर कोणती वाट, हे ठरले असेल तर त्या रात्री कोणाला कोणावर ओरडावे लागत नाही.

यात कॉलेजांचाही वाटा आहे. चार विषयांचा पर्याय कागदावर असतो, पण जिथे गणित आणि जीवशास्त्राचे तास एकाच वेळी लावले जातात तिथे तो पर्याय नावापुरताच राहतो. मुलांना त्यातला एक सोडावाच लागतो, आणि नीटच्या हवेत सुटते ते गणित. जिंतूर, पाथरी, पूर्णा, सेलू इथल्या ज्युनिअर कॉलेजांनी एवढा एक तास हलवला तरी कितीतरी मुलांची वाट मोकळी राहील. पालकांनीही अर्ज भरताना क्लासच्या फीबरोबर हेही विचारावे की, दोन्ही विषयांचे तास वेगवेगळे आहेत का, बायफोकल म्हणजे व्यावसायिक विषय घेतला तर बदल्यात कोणता विषय जातो, आणि गेल्या वर्षी इथून बारावी झालेली सगळी मुले आज काय शिकत आहेत. फलकावर फोटो असलेल्या चौघांची माहिती नको, सगळ्या मुलांची.